मासेमारीसाठी मऊ प्लास्टिकचे वर्म (गांडुळासारखं नकली आमिष), बेडूक घरी कोणी ओततं का? फुगे येतात, पिवळं पडतं, मदत करा (बडोदा)

गळटाक्या (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज धागा काढतो कारण डोकं फिरलंय. घर दांडिया बाजारात, आणि रविवारी पहाटे मही नदीकाठी नाहीतर आसपासच्या एखाद्या गावतळ्यावर विचारून-सवरून मरळीसाठी रॉड घेऊन जाणं हे गेली सहा वर्षं चालू आहे. मरळ कशी असते ठाऊकच आहे, बेडूक दिसला की खालून फाडकन येते आणि त्याचा एक पाय नाहीतर वर्मची शेपटी तोडून निघून जाते, मासा तर मासा गेला आणि वर आठ-दहा नगांच्या पाकिटाचे चारपाचशे पाण्यात. म्हणून ठरवलं की घरीच ओतायचे.

दुकानवाला "रबरी" म्हणतो पण ते रबर नसतंच म्हणे, प्लास्टिसॉल असतं. ओळखीतून एकाने पाच लिटरचा कॅन आणून दिला, आत दुधासारखं पांढरं. साचा पीओपीचा केला. गणपतीच्या वेळची शाडू उरली होती, तिची वडी थापून त्यात वर्म अर्धा दाबला, वर पीओपी ओतलं. साचा झकास आला, वर्मच्या अंगावरच्या रेघासुद्धा उमटल्या.

मग गॅसवर स्टीलच्या पातेलीत प्लास्टिसॉल तापवलं. खालून पिवळं, वरून दूध, आणि असा काही वास सुटला की डोळ्यांतून पाणी. तसंच साच्यात ओतलं तर साच्याने फुस्स करून अर्धं परत माझ्याच अंगावर फेकलं, मनगटावर दोन फोड आलेत. जे काही निघालं ते फुगेच फुगे, जाळीदार घावन. आई म्हणाली पातेली आणि तू दोघं घराबाहेर.

तर प्रश्न असे की पिवळं का पडतं, फुगे का येतात, आणि साचा थुंकला का? (वर्म वर्म लिहितोय, कोणाच्या वर्मी लागू नये.)

मकरपुरा_लेथ (रविवार, रात्री ११:०५)

साचा किती दिवस वाळवला?

गळटाक्या

दोन दिवस, पंख्याखाली. दगडासारखा कडक झाला होता हो.

मकरपुरा_लेथ

मग झालं तर. कडक होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. पीओपी अर्ध्या तासात कडक होतं पण कालवताना घातलेलं पाणी आतच बसलेलं असतं. तू त्याच्यावर दीडशेच्या वर तापलेलं प्लास्टिक ओतलंस, आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला दुसरी वाट नाही, ती प्लास्टिकमधूनच बाहेर आली. फुगे पण त्यानेच आणि थुंकणं पण त्यानेच. डोळ्यात गेलं नाही हे नशीब समज, गरम प्लास्टिसॉल कातडीला चिकटून बसतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही.

आपली देशी युक्ती सांगतो, किचनचा काटा घे आणि साचा रोज वजन कर. आज ४१०, उद्या ३८५, परवा ३७० असं उतरत जाईल. ज्या दिवशी सलग दोन-तीन वजनं सारखी आली त्या दिवशी वाळला. बडोद्याच्या मे महिन्यात अगाशीवर आठवडा बस झाला, पावसाळ्यात विचारू नकोस. घाई असेल तर जुन्या ओव्हनमध्ये साठ अंशाच्या आसपास ठेव, पण शंभरच्या वर नेऊ नको, पीओपीचं स्वतःचं बांधलेलं पाणी निघायला लागतं आणि साचा खडूसारखा भुसभुशीत होतो.

वाळल्यावर पांढऱ्या फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून पातळ हात मार, तीन-चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. मग वर्म सुटतोही छान आणि चकाकतोही.

केमिकलवाले_काका (सोमवार, सकाळी ६:२०)

गळटाक्या, आधी मनगटाचे फोड फोडू नका आणि डॉक्टरला दाखवा.

आता पिवळेपणाचं. मी नंदेसरी भागात एकतीस वर्षं प्लांटवर काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सहन करा. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड, पेस्ट ग्रेड रेझिन म्हणतात तिला, ती प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात नुसती तरंगत असते. विरघळलेली नसते. म्हणून कॅन ठेवून दिला की पूड तळाशी बसते आणि वापरण्यापूर्वी तळापासून ढवळावं लागतं. तुम्ही ढवळलं नसणार. वरचं पातळ घेतलंत तर वर्म तेलकट आणि लिबलिबीत होतो, कॅनच्या शेवटी शेवटी मात्र टणक व्हायला लागतात आणि मग लोक म्हणतात माल खराब दिला.

तापवायला लागलं की पूड ते तेल पिऊन फुगते. आधी दूध, मग एकदम उकडीसारखा गोळा, इथे नवा माणूस घाबरतो आणि आच वाढवतो. तिथे धीर धरायचा. पुढे ते परत सैल होतं आणि साधारण १६० ते १७५ अंश सेल्सिअसला पाकासारखं पारदर्शक, वाहतं होतं. तेव्हाच ओतायचं. पांढुरकं असताना ओतलं तर वर्म दिसेल वर्मसारखा पण ओढला की तुटेल, कारण तो शिजलेलाच नाही. दोनशेच्या दिशेने गेलं की पीव्हीसी फुटायला लागतं, हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तुमच्या डोळ्यांना झोंबला तो तोच. पिवळं हे पहिलं चिन्ह, मग तपकिरी, मग काळं. गॅसच्या ज्योतीवर पातेलीचा तळ दोनशेच्या कितीतरी वर जातो आणि वरचा थर अजून दूधच असतो, म्हणून तुमचं एकाच भांड्यात दोन्ही झालं.

मायक्रोवेव्ह घ्या, जुना, आणि तो पुन्हा कधीही अन्नासाठी वापरायचा नाही. बोरोसिलचा दांडीवाला कोरडा जग, एका वेळी अर्धा कप. आधी दीड मिनिट, मग वीस-तीस सेकंदांच्या हप्त्याने, दर वेळी बाहेर काढून लाकडी काडीने ढवळायचं. थर्मामीटरशिवाय करू नका. आणि हे सगळं अगाशीवर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. कापडी मास्क किंवा करोनातला एन ९५ इथे काही कामाचा नाही, तो धुळीसाठी आहे, वायूसाठी नाही. ऑरगॅनिक व्हेपर आणि अ‍ॅसिड गॅस दोन्हीचं कार्ट्रिज असलेला रबरी रेस्पिरेटर मिळतो तो घ्या. चष्मा, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट.

गळटाक्या

काका दंडवत. ढवळलं नव्हतं हे कसं ओळखलंत!! थर्मामीटर म्हणून करोनातली ती कपाळावर धरायची बंदूक चालेल का?

केमिकलवाले_काका

ती माणसांची. बेचाळीसच्या वर हात वर करते. कारखान्यात वापरतात तशी तीनशे अंशापर्यंतची घ्या, पण ती फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते, म्हणून आधी ढवळा आणि लगेच मोजा.

खेकडा (सोमवार, दुपारी १:१५)

मंडळी एक शंका. गांडूळ फुकट मिळतं. कुंडीखाली. मासा ते आवडीने खातो. मग हा मायक्रोवेव्ह, रेस्पिरेटर, बंदूक हे सगळं गांडुळाची नक्कल करायला?

मकरपुरा_लेथ

खेकडेसाहेब, पतंग पण रेडिमेड मांजावर उडतोच की, तरी अर्धं बडोदं उत्तरायणच्या आधी दोरी सुतवायला बसतंच ना.

गळटाक्या

खेकडाभाऊ, गांडुळावर मरळीच्या आधी वाम आणि बारकी पिल्लंच लागतात. आणि मरळीला हलतं लागतं, कमळाच्या पानांवरून सरसर ओढत आणलं की तिचं टाळकं फिरतं. गांडूळ तसं ओढलं तर तिसऱ्या फेकीला गळ रिकामा.

अगाशीवाली (सोमवार, रात्री ९:५०)

मी मासे धरत नाही पण साबणाचे आणि रेझिनचे साचे करते म्हणून लिहितेय. पीओपीच्या मागे कशाला लागलाय दादा, सिलिकॉनचा साचा करा. दोन भागांचं आरटीव्ही सिलिकॉन (दोन्ही भाग कालवले की न तापवता जमणारं) दोनशे अंशापर्यंत आरामात टिकतं, ओलाव्याचा प्रश्नच नाही, आणि वर्म नुसता चिमटीत धरून ओढला की निघतो. महाग आहे हे खरं. एक सांभाळा, प्लॅटिनम क्युअरवालं (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारं) घेतलं तर गंधक असलेली मॉडेलिंग क्ले वापरू नका, जिथे क्ले लागते तिथे सिलिकॉन जमतच नाही, चिकट राहतं. माझं आठशे रुपयांचं सिलिकॉन असंच बसलं होतं, दोन दिवस मी त्याच्याकडे बघत होते. टिनच्या उत्प्रेरकाने जमणाऱ्याला तेवढा त्रास नाही.

दोन अर्ध्यांचा साचा असेल तर पहिला अर्धा ओतण्याआधी मातीत चार गोट्या अर्ध्या दाबून ठेवा, म्हणजे दुसरा अर्धा बरोबर त्याच खाचांत बसतो, सरकत नाही. दोन अर्ध्यांच्या मध्ये व्हॅसलिन विसरलात तर दोन अर्धे राहणार नाहीत, एकच वीट मिळेल.

मकरपुरा_लेथ

ताई बरोबर, पण सिलिकॉन उष्णता धरून ठेवतं, वर्म थंड व्हायला वेळ लागतो. पन्नास-शंभर नग काढायचे तर अ‍ॅल्युमिनियमच. आमच्याकडे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या धातू कोरायच्या मशीनवर) एकाने बेडकाचा साचा करून नेला होता, सिरिंजसारख्या इंजेक्टरने खालून भरायचा. त्यात दोन गोष्टी कळल्या. थंड साच्यात पहिले दोन-तीन नग सुरकुतलेले येतात, ते परत वितळवायचे, साचा कोमट झाला की नीट येतात. आणि प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून इंजेक्टर लगेच काढला तर वर्मच्या पोटाला खड्डा पडतो. दहा-पंधरा सेकंद दाब धरून ठेवायचा, गेटपाशी, म्हणजे प्लास्टिक आत शिरतं त्या तोंडाशी, गोठू द्यायचं. शेपटीच्या टोकाला हवा अडकते तिथे केसासारखी बारीक रेघ मारून व्हेंट द्यायचा. रेघ जाड झाली की तिथून मिशा फुटतात, मग कात्रीने हजामत करत बसा.

जुगाडू_२० (मंगळवार, सकाळी ११:३०)

प्लास्टिसॉल ऐवजी जुन्या चपला वितळवल्या तर?? किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे, तेपण पीव्हीसीच ना

केमिकलवाले_काका

नाही. पाइप कडक पीव्हीसीचा, त्यात प्लास्टिसायझर नसतो, तो वितळायच्या आधी जळेल आणि तुम्ही त्या धुरात उभे असाल. चपला बहुतेक ईव्हीएच्या (फोमसारखं वेगळं प्लास्टिक) नाहीतर रबराच्या. दोन्ही सोडा. जुनं वितळवायचंच असेल तर फाटलेले वर्म वितळवा, ते उत्तम होतं, फक्त दर वेळी किंचित पिवळं पडतं म्हणून दोन थेंब हीट स्टॅबिलायझर (उष्णतेने पीव्हीसी फुटू नये म्हणून घालतात ते) घालायचं. सगळे रंग एकत्र झाले की शेवटी काळपट तपकिरी होतो, आणि माशांना तो बरा आवडतो असं ऐकून आहे. मात्र बाजारात काही फार ताणले जाणारे, पाण्यावर तरंगणारे मऊ नग मिळतात ते टीपीई नावाच्या रबरासारख्या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. ते पीव्हीसीत मिसळत नाहीत, एका डब्यात ठेवले तरी दोघांचा चिकट लगदा होतो.

जाता जाता एक गंमत. १९२६ साली अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रन गावी गुडरिच या टायर कंपनीत वाल्डो सेमन हा केमिस्ट रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. त्यासाठी पीव्हीसी सॉल्व्हंटमध्ये तापवलं, चिकटायचं राहिलं बाजूला, हातात आलं लवचिक प्लास्टिक. त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम या गृहस्थाने आणि त्यांच्या बायकोने घरी खटपट करून मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला आणि विकायला काढला. तेव्हा गळटाक्या, घरच्यांनी बाहेर काढलं म्हणून खचू नका, तिथे बायको सामील होती एवढाच फरक.

खाडीवाला (मंगळवार, रात्री १०:१०)

पालघरहून लिहितोय, आम्ही जिताड्यासाठी पॅडल टेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं आमिष) ओततो. मीठ कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. बारीक मीठ मिसळलं की वर्म जड होतो, शिसं न लावता लांब जातो आणि हळू बुडतो. पण मीठ आधी तव्यावर कोरडं भाजून घ्यायचं, नाहीतर त्याचा ओलावा फुगे करतो, परत तुझं घावन. आणि जास्त घातलं की वर्म ठिसूळ, दोन फेकीत गळावरून फाटतो. मी शेपटी बिनमिठाची ओततो आणि धड मिठाचं, आधी शेपटीत साधं ओतायचं, ते गोठायच्या आत वर मिठाचं.

चकाकी राखीवाली घालू नका. माझ्या पोरीची घेतली होती, गरम प्लास्टिकमध्ये रंग सोडला आणि सगळं गढूळ. उष्णता सहन करणारी पॉलिएस्टरची वेगळी मिळते, नाहीतर अभ्रकाची पूड घाला.

आणि डबा!! पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डब्यात मोकळे टाकू नका. वर्ममधला प्लास्टिसायझर डब्यात उतरतो. माझ्या पोराच्या कंपासपेटीत मी एक लाल वर्म विसरलो, महिन्याने बघतो तर पट्टीला चिकटून बसलेला, ओढला तर पट्टीवर वर्मच्या आकाराचा खड्डा, ४ ते ९ सेंटिमीटर गायब. पॉलिथिनच्या पिशवीत ठेवायचे, सरळ आडवे. दुमडून ठेवला की तसाच आकार धरतो आणि पाण्यात गोल गोल फिरतो.

अगाशीवाली

४ ते ९ गायब 😂 भूमितीचा पेपर कसा दिला त्याने

रेवडीकाठ (बुधवार, सकाळी ७:४५)

सगळं ठीक, पण हे तेल पाण्यात उतरतं त्याचं काय? पट्टी खातं ते मासा खाईल तेव्हा?

केमिकलवाले_काका

रास्त प्रश्न. आपल्याकडे स्वस्तातला प्लास्टिसायझर म्हणजे डीओपी, तो थॅलेट नावाच्या रसायनांच्या गटातला. लहान मुलांच्या खेळण्यांत थॅलेटवर मर्यादा आहेत, आयएस ९८७३ या भारतीय मानकाच्या भाग ९ मध्ये तोच विषय आहे. डीओटीपी नावाचा पर्याय बाजारात मिळतो, नाव सारखं वाटतं पण तो त्या गटातला नाही, थोडा महाग पडेल. स्वतः कालवणार असाल तर तोच घ्या. माझ्या पुतण्याने १०० ग्रॅम रेझिनला ३५० ग्रॅम डीओटीपी आणि तीन-चार ग्रॅम इपॉक्सी सोया तेल घेतलं होतं, मरळीच्या वर्मला ठीक मऊपणा आला. कालवून एक रात्र ठेवा, घोटताना शिरलेली हवा वर येते, म्हणजे फुग्यांचं आणखी एक कारणही मिटलं. गळटाक्यांच्या कॅनवर काय लिहिलंय ते बघा, नुसतं "बेस्ट क्वालिटी" लिहिलं असेल तर हातमोज्याशिवाय हाताळू नका.

आणि फाटका वर्म पाण्यात फेकायचा नाही, खिशात घालायचा. तो कुजत नाही, माशाने गिळला तर पोटात फुगून राहतो.

रेवडीकाठ

धन्यवाद काका. आणि गळटाक्या, संध्याकाळी काठाला पाय सोडून बसू नका. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यावर आलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, महीतही आहेत. मरळीने बेडूक ओढला म्हणून खूश व्हाल आणि दुसऱ्या टोकाला भलतंच कोणी असायचं.

गळटाक्या (तीन आठवड्यांनी, रविवार रात्री ९:३०)

मंडळी आलो परत. फोड बरे झाले, डाग आहे.

साचा नवीन केला, काट्यावर रोज वजन, वहीत लिहून. ४३६ पासून सुरुवात, अकराव्या दिवशी ३०२ आणि मग हललाच नाही. फेविकॉलचे चार हात. जुना मायक्रोवेव्ह शुक्रवारी बाजारात मिळाला, फिरणारी काच नाही त्यात, म्हणून दर वेळी जग हाताने फिरवतो. कॅन तळापासून ढवळला तर तळाला खरंच श्रीखंडासारखा थर होता काका. १६८ ला काढलं, अगदी गुलाबजामच्या पाकासारखं. बारीक धारेने एका टोकाकडून ओतलं, धार तोडली नाही.

पहिला वर्म काढला तेव्हा हसूच आलं. ओलसर, थंड, हातात हलतोय, वरची बाजू सपाट आहे कारण अर्ध्याच साच्यात ओतला पण खालच्या रेघा सगळ्या आल्यात. बत्तीस ओतले, सहा वाया. हिशोब सांगतो म्हणजे कोणी फसू नका, कॅन, मायक्रोवेव्ह, बंदूक, रेस्पिरेटर धरून मला एक वर्म विकतच्या तिप्पट पडलाय, आणि पुढचे दोनेकशे ओतेपर्यंत स्वस्त पडणार नाही. पैसे वाचवायला कोणी यात उतरू नका.

आज पहाटे गेलो होतो, काळा वर्म, तळ्याच्या कोपऱ्यात शिंगाड्याच्या वेलीत. दोन मरळी लागल्या, एक सोडली कारण पिल्लांचा लाल थवा तिच्या बरोबर होता. दुसरीने वर्म मधोमध फाडला पण आली. आईने वाया गेलेले पिवळे सहा वर्म दोरीने तुळशीच्या कुंडीवर बांधलेत, म्हणते कबुतरं येत नाहीत. येतात.

खेकडा

अभिनंदन. आज मी गांडुळावर तीन शिंगाळे धरले. खर्च शून्य.

गळटाक्या

खेकडाभाऊ 🙏 एकच राहिलं, मधोमध फाटलेला वर्म जोडता येतो का, की वितळवायलाच टाकू?

खाडीवाला

जोडता येतो. जुनी सुरी तापव, लाल नाही, नुसती गरम. दोन्ही तोंडं एकदम तिच्या दोन बाजूंना टेकव, वितळली की सुरी सरकन काढ आणि तोंडं दाबून धर, वीस मोज. लायटर लावू नको, काजळी धरते आणि सांधा तिथेच परत सुटतो. सुरी आईच्या किचनमधली नको.